हात वर, डोळे मिटलेले: खान्देशातल्या कॅरिस्मॅटिक उपासनेत नेमकं काय चालतं

धुळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं गोडाऊन आहे. तिथे दर रविवारी सकाळी प्रार्थना भरते. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन मोठे स्पीकर, खाली ताडपत्री. आधी गाणी ऐकू येतात, मग टाळ्या, मग एकदम पन्नास-साठ माणसं एकाच वेळी मोठ्याने बोलायला लागतात आणि त्यात कोणीतरी हमसून रडत असतं. एका रविवारी शेजारच्या काकू ओट्यावर वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी ख्रिस्ती घरातली आहे हे त्यांना माहीत आहे. त्यांनी हात थांबवून विचारलं, "का वं माय, ह्या लोके इतला रडतस कसाले? कोनी मरी गयं का?"

त्यांनी काळजीने विचारलं होतं, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण मी वाढले ती मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, फार वेगळी. दगडी चर्च, लाकडी बाकं, पेटीवर संथ सुरात म्हटलेली गीतं. प्रार्थनेत चुळबुळ केली तर आजी चिमटा काढायची. टाळी वाजवणं तर दूरच, 'आमेन'सुद्धा आम्ही ओठातल्या ओठात म्हणायचो. त्यामुळे गोडाऊनमधला तो गजर मलाही परका होता. नंतर मी अशा उपासनांना जाऊन बसले, लोकांना विचारलं, बायबल नव्याने उघडलं. काकूंना त्या दिवशी जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

आधी नाव. 'खारिस' हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ कृपा. त्यावरून 'खारिस्मा', म्हणजे कृपेने मिळालेली देणगी. मराठी बायबलमध्ये यासाठी 'कृपादान' हा सुरेख शब्द आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल अशी नऊ कृपादाने सांगतो: ज्ञानाचं वचन, विद्येचं वचन, विश्वास, रोग बरे करणं, अद्भुत कामं, संदेश देणं, आत्मे ओळखणं, अन्य म्हणजे न शिकलेल्या भाषांत बोलणं आणि त्या भाषांचा अर्थ सांगणं. ही दानं पहिल्या शतकाबरोबर संपली असं बऱ्याच जुन्या मंडळ्या मानत आल्या. ती आजही मिळतात असं जे मानतात ते पेन्टेकॉस्टल आणि कॅरिस्मॅटिक. पेन्टेकॉस्टल मंडळ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. १९६० नंतर तीच लाट जुन्या मंडळ्यांच्या आत शिरली, १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातून कॅथलिकांपर्यंतही पोचली. तिला कॅरिस्मॅटिक म्हणतात. प्यू रिसर्च सेंटरने २०११ साली केलेल्या अंदाजानुसार या दोन्ही प्रकारचे मिळून जगात सुमारे ५८ कोटी ख्रिस्ती होते, म्हणजे एकूण ख्रिस्ती लोकांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. तेव्हा आमच्या गोडाऊनमधला आवाज हे काही एका गल्लीतलं खूळ नाही.

आता हात वर करण्याबद्दल, कारण पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते तेच. स्तोत्रसंहितेत एक भक्त म्हणतो की माझे हात उभारणं हे संध्याकाळच्या यज्ञासारखं मानलं जावो. यरुशलेमच्या मंदिरात रोज संध्याकाळी अर्पण जाळलं जाई. ज्याच्याकडे जाळायला काही नाही त्याने रिकामे हात वर करावेत, तेच त्याचं अर्पण. रोमच्या भुयारी दफनस्थळांमध्ये पहिल्या काही शतकांतली ख्रिस्ती चित्रं आहेत, त्यांत प्रार्थना करणारी माणसं उभी आहेत आणि त्यांचे दोन्ही हात वर पसरलेले आहेत. युरोपातल्या चर्चमधली हात जोडून प्रार्थना करायची रीत त्यानंतरची. सरंजामी काळात मांडलिक आपल्या धन्यापुढे हात जोडून निष्ठेची शपथ घेई, त्या रिवाजाशी इतिहासकार तिचा संबंध जोडतात. हे कळलं तेव्हा मी चकित झाले. ज्याला आम्ही 'नवीन फॅड' म्हणायचो ती जुनी पद्धत निघाली, आणि आमची शांत पद्धत तिच्यामागून आलेली.

पण पुस्तकातला अर्थ एक आणि बसलेल्या बाईच्या मनातला अर्थ एक. साक्रीकडच्या एका ताईंना मी विचारलं की हात वर करताना तुम्हाला काय वाटतं. त्यांनी आपल्या नातवाकडे बोट दाखवलं. तो दीड वर्षाचा, अंगणात त्यांच्याकडे बघत दोन्ही हात वर करून उभा होता, कडेवर घे म्हणून. "हेच," म्हणाल्या.

टाळ्या आणि नाच यांवर मराठी वाचकाला फार समजवायला नको. भजनाला टाळी आणि दिंडीत फुगडी आपल्याकडे कोणाला खटकत नाही. मुक्ताईनगरहून पालखी पंढरपूरला निघते तेव्हा कोणी विचारत नाही की ही माणसं का नाचतात. बायबलमध्येही डफ, झांजा आणि नृत्य यांनी देवाची स्तुती करा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दावीद राजा कराराच्या कोशापुढे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पवित्र पेटीपुढे, सगळं बळ लावून नाचला. त्याची बायको मीखल हिने खिडकीतून ते पाहिलं आणि राजाने चारचौघांत असं वागावं याची तिला लाज वाटली. दावीदाने तिला उत्तर दिलं की मी परमेश्वरापुढे नाचलो, आणि याहूनही हलका व्हायला मी तयार आहे. आमच्या जुन्या मंडळ्यांमधून टाळी गेली ती बायबलमुळे नव्हे. खान्देशात मिशनरी आले ते स्वीडनहून आणि अमेरिकेहून, आणि त्यांच्या थंड देशांतली शिस्त त्यांच्याबरोबर आली. त्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, ते ऋण मोठं आहे. पण ढोलकी बाहेर ठेवायला लावली, हेही खरं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक अभंग आणि कीर्तन मंडळीत घेऊन आले तेव्हा ती मोठी गोष्ट वाटली, यावरूनच दरवाजा किती बंद होता ते कळतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ही उपासना अमेरिकेतून टीव्हीवर आली आणि इथे चिकटली असं अनेकांना वाटतं. गाण्यांच्या चाली, स्टेजवरचे दिवे, पास्टरांच्या बोलण्यातलं इंग्रजी यांपुरतं ते खरंही आहे. मुळाबद्दल मात्र नाही. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो मुली वाचवून तिथे आणल्या. आई-बाप भुकेने गेलेले, काही मुलींवर वाटेत भयंकर प्रसंग गुदरलेले. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी मुलींचा गट जमवायला सुरुवात केली. जूनच्या अखेरीस तिथे जे सुरू झालं ते बघून बाहेरचे लोक हबकले. मुली मोठमोठ्याने रडत, आपली पापं बोलून दाखवत, अंगात आग उतरल्यासारखं वाटतं म्हणत, शेकडो जणी एकाच वेळी आवाज करून प्रार्थना करत, आणि मग हसत, गात. पुढच्या एक-दोन वर्षांत अन्य भाषांत बोलल्याच्याही नोंदी आल्या.

लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरची सभा, जिथून पेन्टेकॉस्टल चळवळ जगभर गेली असं पुस्तकांत वाचायला मिळतं, ती एप्रिल १९०६ ची. म्हणजे केडगाव दहा महिने आधी. आणि केडगावची ठिणगी बाहेरही गेली. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्रॅम्स यांनी १९०६ साली पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली आणि तिची प्रत दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ती मैत्रीण आणि तिचे पाळक पती विलिस हूव्हर यांनी ती वाचली, आणि १९०९ साली व्हॅल्पारायझो शहरात चिलीची पेन्टेकॉस्टल चळवळ उभी राहिली. महाराष्ट्राच्या माळावरून निघालेली गोष्ट दुसऱ्या गोलार्धात पोचली, आणि आपल्याला मात्र ती शाळेत कोणी सांगितली नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रमाबाईंची भूमिकाही समजून घेण्यासारखी आहे. त्या संस्कृत पंडिता, शिस्तीच्या कडक. एवढा कल्लोळ त्यांना सहज थांबवता आला असता. थांबवला नाही. भारतीय ख्रिस्ती माणसाने आपल्या स्वभावाला साजेल अशा रीतीने देवापुढे व्यक्त व्हावं, परदेशी साच्यात त्याला कोंबू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. अन्य भाषांत बोलणं हीच पवित्र आत्मा मिळाल्याची एकमेव खूण, हा आग्रह मात्र त्यांनी धरला नाही.

रडण्याचा अर्थ मला केडगावमुळे कळला. दुष्काळात आई गमावलेल्या मुलीला वसतिगृहात जेवण मिळतं, पाटी मिळते, पण ते दुःख ओकायला जागा कुठे मिळते? आपल्याकडे मयताला बायका हेल काढून रडतात, त्यात मेलेल्याचे गुण येतात, सासरचा जाच येतो, सगळं येतं, आणि कोणी त्यांना गप्प करत नाही. एरवी बाईने मोठ्याने बोललेलं चालत नाही. सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात तेव्हा तसंच होतं. बाहेरून गोंगाट, पण आत असलेल्या प्रत्येकीला तिथे एकांत मिळतो, कारण शेजारची आपल्यात बुडालेली आहे आणि तुझं कोणी ऐकत नाहीये. नवऱ्याचं पिणं, कर्ज, पोटात न राहणारं मूल, जे शेजारणीला सांगता येत नाही ते त्या आवाजाच्या आडोशाने सांगून होतं. शांत चर्चमध्ये मला असा आडोसा कधी मिळाला नाही. तिथे मी रडले असते तर दहा माना वळल्या असत्या.

अन्य भाषांचा विषय सगळ्यांत अवघड. बायबलमध्ये याचे दोन प्रसंग आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात, पेन्टेकॉस्टच्या सणाला, येशूचे शिष्य बोलू लागले आणि देशोदेशींहून यरुशलेमला आलेल्या प्रत्येकाला ते आपापल्या बोलीत ऐकू आलं. काहींनी टर उडवली की हे प्यायलेले आहेत. शिष्यांपैकी पेत्र म्हणाला, अहो, आता तर सकाळचे नऊ वाजलेत. करिंथच्या मंडळीतली गोष्ट वेगळी. तिथे जे बोललं जाई ते कोणालाच कळत नसे आणि अर्थ सांगणारा लागत असे. आजच्या सभांमध्ये आपण जे ऐकतो ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारचं.

भाषाशास्त्रज्ञांनी ते तपासलेलं आहे. विल्यम समारिन यांनी १९७० च्या आसपास अनेक देशांतले नमुने अभ्यासले. त्यांचा निष्कर्ष असा की त्यात लय आणि चढउतार भाषेसारखे असतात, ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतलेच असतात, पण शब्द आणि व्याकरण यांनी बनणारा अर्थ त्यात सापडत नाही. २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूची तपासणी केली. त्या अन्य भाषांत प्रार्थना करत असताना, भजन गातानाच्या तुलनेत, मेंदूच्या पुढच्या भागातलं काम कमी झालेलं दिसलं. आपण ठरवून, सांभाळून काही करतो तेव्हा हाच भाग कामाला लागतो. मी चालवत नाहीये, मी सोडून दिलंय, असं त्या बायका सांगत, त्याच्याशी हे जुळतं. पाच जणींची तपासणी म्हणजे फार मोठा पुरावा नाही. आणि देव त्यात आहे की नाही हे कुठलंच यंत्र सांगू शकणार नाही.

मग अर्थ नसलेल्या बोलण्याला अर्थ काय? मला आलाप आठवतो. भजनी बुवा अभंगाची ओळ गाता गाता शब्द सोडून देतात आणि नुसता आकार लावतात. त्या 'आ'चा अर्थ काय असं कोणी विचारत नाही, आणि तरी डोळे तिथेच भरून येतात. रोमकरांस पत्रात म्हटलंय की कशी प्रार्थना करावी हे आम्हाला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः 'अनिर्वाच्य कण्हण्याने' आमच्यासाठी विनंती करतो. शब्द संपले की उरतं ते कण्हणं. अन्य भाषांत प्रार्थना करणारा माणूस म्हणतो की मी त्या जागी पोचलोय.

पौलाने मात्र याला कुंपण घातलं आहे, आणि ते कुंपण आजच्या पुढाऱ्यांनी रोज वाचावं असं मला ठामपणे वाटतं. सभेत दोघा-तिघांनीच बोलावं, तेही एकामागून एक. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहून मनात देवाशी बोलावं. मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बरे. बाहेरचा कोणी आत आला तर तुम्हाला वेडे म्हणणार नाही का, असंही तो विचारतो. माझ्या काकूंचा प्रश्न त्याने जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच ऐकला होता.

खान्देशात पुढचा प्रश्न हमखास येतो: हे म्हणजे अंगात येणंच ना? श्रावणात कानबाई बसते तेव्हा घरोघरी बायकांच्या अंगात येतं, ते पाहतच आम्ही मोठे झालो. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, शरीर थरथरतं, आवाज बदलतो. पण सहभागी माणसं आपापल्या अनुभवाचा अर्थ वेगळा लावतात. अंगात येतं तेव्हा बाईच्या मुखाने देवी बोलते, लोक त्या वेळी तिला देवी मानून पाया पडतात, कौल मागतात. कॅरिस्मॅटिक उपासनेत कोणी थरथरणाऱ्याच्या पाया पडत नाही. तो भक्तच राहतो, भरलेला पण भक्त. पौल लिहितो की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या ताब्यात असतात, म्हणजे माणसाला थांबता यायला हवं. 'मला आवरलंच नाही' ही सबब तो मान्य करत नाही. कोणता अनुभव खरा हे मी कानबाई मांडणाऱ्या शेजारणीला सांगायला जाणार नाही. मला ती तेवढी जवळची आहे.

डोक्यावर हात ठेवल्यावर माणसं मागे पडतात, त्याबद्दल थोडक्यात. तसं करा अशी आज्ञा बायबलमध्ये नाही. पडणारे म्हणतात की देवाच्या ओझ्याने पाय सुटले, अंगात गाढ शांतता आली. अनेकांचं ते प्रामाणिक आहे. पण समोरच्याने पडावं म्हणून कपाळावर रेटा देणारे हातही मी जवळून पाहिले आहेत, आणि न पडणाऱ्या पोरीला 'विश्वास कमी' असं ऐकवलेलंही. ते चूक आहे.

तेलाचा अर्थ मात्र सुंदर आहे. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. त्या काळी तेल औषधही होतं. येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओततो. म्हणजे औषध आणि प्रार्थना एकाच हातात होती. तेलाने औषधाची जागा घ्यावी असा त्याचा अर्थ नव्हता. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण खूप आहेत. सिकलसेलच्या मुलाची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी 'आता विश्वासाने बरा झाला' म्हणून कोणी बंद करायला सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे अडवलं पाहिजे, मग तो भगत असो की पास्टर. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा धर्म बघून लागू होत नाही. त्याच जिल्ह्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे, तिथे प्रार्थनाही होते आणि ऑपरेशनही होतं.

गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या लग्नासाठी मी नवापूरकडे गेले. नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत. फलाटावरच राज्य बदलतं. रविवारी पाहुण्यांबरोबर एका पाड्यावरच्या उपासनेला गेले. पत्र्याचा मांडव, चपला बाहेर, एका बाजूला पुरुष, एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. वचन मराठीत वाचलं, गाणी हिंदी आणि गुजरातीत झाली, आणि प्रार्थना सुरू झाली तशी माझ्या चहूबाजूंनी मावची ही तिथली आदिवासी बोली उसळली. शाळेत, तहसीलमध्ये, बँकेत ज्या बोलीला कोणी विचारत नाही त्या बोलीत शंभर माणसं देवाशी बोलत होती, कोणाची परवानगी न घेता. यरुशलेममध्ये त्या सकाळी प्रत्येकाला आपल्या बोलीत ऐकू आलं म्हणजे काय, हे मला त्या मांडवात कळलं.

माझ्या पुढे एक पन्नाशीची बाई होती. हात वर, पदर खांद्यावर घसरलेला, वीस मिनिटं ती रडत, बोलत होती. मला दोन-तीन शब्दांपलीकडे काही कळलं नाही. उपासना संपली, पंगती बसल्या, आणि तीच बाई वरणाची बादली घेऊन वाढायला आली. चेहरा धुतलेला, पदर खोचलेला. मी धीर करून विचारलं, "मावशी, मघाशी एवढं काय सांगत होता?"

"पोरगा सुरतला कामाला गेलाय," ती मराठीत म्हणाली. "तीन दिवस फोन लागत नाही. तेच सांगत होते." मग माझ्या ताटाकडे बघितलं. "भात कमी घेतला तू. थांब."